तेवीस घरांचा बांध

१९७१ च्या मार्चमधल्या जनगणनेत तिवरपाडा माझ्या वाट्याला आला, तो केवळ बाकीच्या मास्तरांनी अंग काढून घेतलं म्हणून. बोरिवली स्टेशनपासून खाडीपर्यंत टांगा, मग होडी, मग मिठागरांच्या कडेनं पाऊण तास चालणं. बाईमाणूस कशी जाणार, असं हेडमास्तर म्हणाले. पायांनी, असं मी म्हटलं आणि फॉर्मांचा गठ्ठा पिशवीत टाकला.

आज तिथं काय आहे ते मला विचारू नका. तेव्हाचं सांगते. म्हणायला मुंबईचं उपनगर. पण वीज नाही, दुकान नाही, दवाखाना नाही. एक विहीर, एक दगडी क्रूस, चौथीपर्यंतची एकखोली शाळा आणि तिच्यात नऊ पोरं. कौलारू घरं तेवीस. वस्ती सगळी कॅथलिक, बोली मराठी, पोट भातावर आणि खाडीतल्या मासळीवर. गावाची शेतं इतकी सखल की भरतीच्या वेळी बांधाच्या आत उभं राहिलं, तर पलीकडून जाणाऱ्या होडीचं शीड आपल्या डोक्याच्या वर दिसायचं. आपण पाण्याच्या खाली उभे आहोत, ही जाणीव मला तिथं पहिल्या दिवशी झाली आणि शेवटपर्यंत सुटली नाही.

होडीच्या धक्क्यावर एक किडकिडीत म्हातारा वाट बघत होता. अर्धी खाकी चड्डी, अंगात बनियन, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस. साठी उलटलेली. नाव इग्नेशियस. मी इथं त्याला अरेतुरे लिहितेय, तोंडावर काका म्हणत असे. गावात सगळे त्याला उघाडीवाला म्हणत.

उघाडी म्हणजे बांधातलं दार. खारजमिनीला समुद्राच्या बाजूनं मातीचा लांबलचक बांध असतो आणि त्यात एका ठिकाणी दगडी खांबांच्या मध्ये लाकडी फळ्या. भरती चढू लागली की फळ्या खाली सोडायच्या, म्हणजे खारं पाणी आत येत नाही. ओहोटी लागली की फळ्या वर ओढायच्या, म्हणजे पावसाचं साठलेलं पाणी बाहेर जातं. दिवसातून दोनदा, वर्षाचे बाराही महिने. हे काम इग्नेशियस एकतीस वर्षं करत होता. घड्याळ नव्हतं. माणूस चर्चला जाणारा, पण तिथी तोंडपाठ. आज अष्टमी म्हटली की भरती किती वाजता, हे तो भाकरी मोडता मोडता सांगायचा. एकदाच, बापाच्या मयतीच्या दिवशी, फळी सोडायला अर्धा तास उशीर झाला, आणि तीन वर्षं त्या तुकड्यात भात झालं नाही. ते त्यानं मला पहिल्या तासाभरातच सांगितलं. लोक आपली बढाई सांगतात, हा आपली चूक सांगत होता. मला माणूस आवडला.

मोजणीला मात्र त्यानं माझा जीव खाल्ला.

तो माझ्याबरोबर दारोदार फिरला. बंद दारासमोर उभा राहून तो घरातली माणसं सांगायचा; नाव, वय, सगळं. मी कुलपाकडे बोट दाखवलं की म्हणायचा, बांद्र्याला गेलीत, येतील. याचं काय? बोटीवर आहे, येईल. आणि हे? हे वसईला, सासऱ्याचं दुखणं काढायला. किती वर्षं झाली? तर तो पुढच्या दाराकडे चालू लागायचा. नियम मी त्याला तीनदा समजावला: मोजणीच्या त्या तीन आठवड्यांत जो या घरी राहिलाच नाही, तो इथला नाही, तो जिथं राहतो तिथं मोजला जाईल. तेवीसपैकी अकरा घरांना कुलूप होतं. त्याच्या हिशेबी गावात माणसं एकशे चार. माझ्या हिशेबी त्रेचाळीस.

अकराव्या कुलपापाशी तो अडून बसला. ते घर त्याच्या घराला लागूनच, एक भिंत सामायिक. त्याच्या मुलाचं, ॲम्ब्रोजचं. ॲम्ब्रोज चार वर्षांपूर्वी विक्रोळीच्या एका कारखान्यात लागला होता आणि बायको-मुलीसह कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहत होता.

"ह्याला लिवा टीचर," तो म्हणाला. "ह्याची चूल हितं हाय."

"चूल मोजत नाहीत काका, माणसं मोजतात."

"आमी चूल मोजतो."

त्याची बायको अँजेलिना ओट्यावर सुकी मासळी निवडत होती. ती वर न बघता म्हणाली, "नाय लिवत तर नको लिवू दे. चार वरसांत चूल पेटलेली मी तरी नाय बगितली." इग्नेशियस तिच्याकडे असा बघायला लागला की मी विषय बदलला.

चूल मोजतो याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला. गावाचा बांध पाऊण मैल लांब. तो तेवीस वाट्यांत वाटलेला. प्रत्येक घराचा वाटा, आणि वाटा संपतो तिथं बांधात रोवलेला एक दगड. होळी झाली की पाऊस यायच्या आत ज्यानं त्यानं आपला वाटा चिखल-पेंढा घालून भरून काढायचा. पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणांना घरटी दोन माणसं आपापल्या वाट्यावर उभी. ऑक्टोबरात नव्या भाताचा सण असतो, आगेरा म्हणतात, त्या दिवशी उघाडीवाला क्रुसापुढं घरांची नावं वाचतो, बांधावरच्या क्रमानं. लागोपाठ तीन वर्षं ज्या घरानं आपला वाटा राखला नाही, त्याचं नाव वाचलं जात नाही. मग ते घर गावचं राहिलं नाही. घर-जमीन कुणी काढून घेत नाही. पण लग्नात विहिरीचं पाणी आणायच्या मानाला, मयतीच्या खांद्याला त्या घराला बोलावणं जात नाही.

त्या दुपारी मी मिठागराकडून परत येताना बांधावर दोघं दिसली. इग्नेशियस खालून चिखलाची टोपली देत होता, अँजेलिना वर ओतून पायानं दाबत होती. दगडावरून कळत होतं, तो त्यांचा वाटा नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, बोटीवरच्या पावलूचा वाटा आहे, त्यानं गडी लावलेत, जेवायला गेलेत. टोपल्या दोन होत्या. फावडं एक. अँजेलिनाच्या हाताच्या बोटांमधली कातडी फाटून पांढरी झाली होती.

मी सरळ विचारलं, किती वाटे तुम्ही दोघं भरता?

त्यानं पुढची टोपली उचलली. तिनं दोन्ही हातांची बोटं पसरून दाखवली, आणि वर एक.

चार वर्षं ही म्हातारी जोडी अकरा घरांची खोटी हजेरी मातीनं लावत होती. गावाला वाटत होतं, गेलेली माणसं पैसे पाठवून गडी लावतात. कुणाचं नाव गळू नये म्हणून इग्नेशियसनं ते तसंच वाटू दिलं होतं. आता यात एक गोष्ट साधी होती, ती मला दिसली आणि त्याला दिसत नव्हती. माती तो भरू शकत होता. उधाणाच्या दिवशी अकरा वाट्यांवर एकटा उभा कसा राहणार होता? मी हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, मोठं उधाण आलं की सगळे येतील. बोलावणं केलं की येतील.

त्रेचाळीस आकडा भरून मी निघून आले.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात शाळेच्या दाराशी कॉस्मस उभा. कॉस्मस म्हणजे इग्नेशियसचा शेजारी, होडी चालवायचा, तोंडानं अतिशय फटकळ. म्हणाला, म्हाताऱ्यानं तुम्हाला रविवारी बोलावलंय, येताना ती मोजणी घेऊन या. मोजणीचे कागद केव्हाच सरकारात जमा झाले होते आणि नसते झाले तरी ते दाखवायची मुभा नव्हती. पण नुसता आकडा सांगायला कागद कशाला लागतो? मी विचारलं, झालंय काय? तर बांधाला उघाडीच्या उत्तरेला भेग गेली होती. आणि पुढच्या शुक्रवारी नारळी पौर्णिमा. त्या वर्षातलं सगळ्यात मोठं उधाण त्या शुक्रवारी-शनिवारी होतं.

मग गेलेल्यांना कळवलं नाही का?

"कळवलं ना. मीच पत्रं टाकली अकरा," कॉस्मस म्हणाला. "सगळे येतो म्हणालेत. आमचे लोक लई प्रेमळ. येतो म्हणायला कदी मागं हटत नाय."

रविवारी प्रार्थना झाल्यावर माणसं क्रुसापाशीच थांबली. पाऊस उघडला होता पण हवा अशी की कपडे अंगाला चिकटत होते. भात गुडघ्याएवढं झालं होतं, हिरवंगार.

इग्नेशियसनं मला आधी बाजूला घेतलं. त्याच्या गालांची हाडं मार्चपेक्षा वर आली होती. तो म्हणाला, मी बोललो तर म्हणतील म्हातारा घाबरला. तुम्ही सरकारच्या बाजूच्या. तुम्ही सांगा, मग मी काय करायचं ते सांगतो. मी विचारलं, काय करणार? तो क्रुसाकडे चालू लागला.

लोकांचं म्हणणं एकच: तेवीस घरं, घरटी दोन, शेहेचाळीस माणसं, बापजाद्यांनी याहून मोठी उधाणं धरली. पेट्रिशिया नावाची एक विधवा होती, तिचा वाटा भेगेला लागून. ती तर उधाणाच्या दिवशी शेहेचाळीस माणसांना पेज किती लागेल, ते ठरवत होती.

मी म्हटलं, पेज चौदांची करा. मार्चमध्ये मी प्रत्येक दारात उभी राहिले आहे. गावात माणसं त्रेचाळीस. त्यातली पोरं, म्हातारी आणि एक बाळंतीण वजा केली, तर टोपली उचलतील असे चौदा. त्यात सात बायका. पाऊण मैलाला चौदा.

मग पेट्रिशिया माझ्यावरच उखडली. बाहेरची बाई येऊन गावाला मेलेलं ठरवते, म्हणाली. बोटीवरच्या पावलूनं या वर्षीसुद्धा गडी लावून वाटा भरून घेतला, आपण डोळ्यांनी बघितलाय नवा चिखल. एवढा जीव आहे त्याचा, तो येणार नाही?

सगळे इग्नेशियसकडे बघायला लागले. तो हातातली टोपी उलटी-सुलटी करत राहिला. एवढं लहान गाव, एवढी साधी गोष्ट, आणि ती बाहेर पडायला किती वेळ लागला. मला मध्येच बोलायची फार घाई झाली होती. तोंड गच्च मिटून उभी राहिले.

"गडी नव्हते," शेवटी तो म्हणाला. "मी न् अँजेलिना. पावलूचा, सगळ्यांचा. ॲम्ब्रोजचा पन."

आणि लगेच, कुणाला रागवायलाही वेळ न देता, त्यानं काय करायचं ते सांगितलं. बाहेरचा बांध सोडायचा. गावाच्या अंगाला एक जुना, आतला बांध होता, आजोबांच्या वेळचा, जेमतेम तीनशे पावलांचा, गुरं चालून चालून खचलेला. पाच दिवसांत तो उभा करायचा. चौदा माणसांना तीनशे पावलं धरता येतात. दोन बांधांच्या मधलं भात जाईल, आतलं राहील.

मधलं भात म्हणजे अर्ध्याहून जास्त. त्यात इग्नेशियसचा सगळ्यात चांगला तुकडा होता, ॲम्ब्रोजचा होता, पेट्रिशियाचा थोडा होता. कॉस्मसचा एकही नव्हता, आणि म्हणूनच की काय, तोच सगळ्यात आधी उठून फावडं आणायला गेला. जाता जाता पेट्रिशियाला म्हणाला, "चल गं, पेज नंतर."

पुढचे पाच दिवस मी बोरिवलीत मुलांना भूगोल शिकवत होते आणि डोक्यात चिखल होता. शुक्रवारी शाळेला सुट्टी. सकाळी आठला धक्क्यावर पोचले. कॉस्मसची होडी नव्हती, दुसऱ्या कुणी तरी नेलं. वाटेत सगळीकडे कोळी नारळ घेऊन नटून निघालेले, आणि मला एकदाही हसू आलं नाही.

आतला बांध उभा होता. उभा म्हणजे काय, ओल्या चिखलाची एक रांग, कंबरेएवढी, त्यावर तिवराच्या फांद्या आणि पेंढा दाबलेला. ती पाणी अडवेल यावर माझा तरी विश्वास बसेना. भरती साडेबाराला होती. तेरा माणसं तीनशे पावलांवर पसरून उभी होती. चौदावा इग्नेशियस बाहेर, उघाडीवर. मी तिकडे गेले.

फळ्या खाली होत्या. पाणी बाहेरून चढत होतं. तो तिकडे बघतच नव्हता. त्याचं लक्ष खाडीकडे होतं, होड्यांकडे. अकरा पत्रं गेली होती. एक होडी लांबून वळली तेव्हा त्यानं डोळ्यांवर हात धरला. ती मढकडे गेली.

मी विचारलं, आता काय? तो म्हणाला, फळ्या उघडणार. मला वाटलं डोकं फिरलं. मग त्यानं समजावलं, शांत आवाजात. दार बंद ठेवलं तर बाहेरचा बांध भेगेपाशी फुटेल, फुटला की पाणी एकदम लोंढ्यानं आत येईल आणि पाच दिवसांचा चिखल वाहून नेईल. दार उघडून पाणी हळूहळू आत घेतलं, तर दोन्ही बाजूंना सारखं होतं, बांध फुटत नाही, आणि आतल्या बांधापाशी पोचतं ते नुसतं चढतं, धडकत नाही.

"एकतीस वरसं भरतीला हे बंद केलंय," तो म्हणाला. "हात जात नाय टीचर."

मी दोराला हात लावला. त्यानं माझा हात बाजूला केला, फटकन, पोराचा करावा तसा. आणि स्वतः ओढलं. फळी हलली नाही. दुसऱ्यांदा ओढलं तेव्हा करकरली आणि खालून पिवळट पाणी आत शिरलं. आधी चरातून, मग चर भरून भातात. पाण्याबरोबर मासळीची पिल्लं आत आली आणि रोपांमध्ये चमकू लागली. त्याच्याच तुकड्यात सगळ्यात आधी. तो उभा राहून बघत होता. मग दुसरी फळी ओढली.

साडेअकरा ते एक हा वेळ मी पुन्हा जगणार नाही. पाणी आतल्या बांधाला लागलं, मग वर चढू लागलं, बोट बोट. कुणी ओरडत नव्हतं. कुठं पाझरलं की जवळचा माणूस तिथं स्वतः बसायचा आणि दुसरा त्याच्या मागून चिखल भरायचा. पेट्रिशिया एका जागी पाऊण तास बसून होती. अँजेलिना बांधावरून फिरत सगळ्यांच्या पायांखाली पेंढा कोंबत होती. पाणी वरच्या काठापासून चार बोटं खाली येऊन थांबलं. थांबलंय की आपल्याला वाटतंय, हे कळायला वीस मिनिटं गेली. मग काठावर ओली रेघ दिसली.

कुणी हुश्श केलं नाही, कारण इग्नेशियस आता आतल्या शेतात उतरला होता. तो चराचं पाणी बोटानं चाखत होता. दहा पावलं गेला की वाकायचा, चाखायचा, थुंकायचा. त्यानं कॉस्मसला चाखायला लावलं. गोडं हाय, कॉस्मस म्हणाला. पेट्रिशियानंही तेच सांगितलं. त्याचं समाधान होईना. दमलेली माणसं काहीही गोड म्हणतात. शेवटी ओंजळ माझ्यापुढं केली.

मी चाखलं. उत्तरेच्या कोपऱ्यातलं पाणी होतं. म्हटलं, मचूळ आहे.

सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की आजही आठवतं. पण तो लगेच त्या कोपऱ्यात गुडघ्यांवर बसला आणि कोपरापर्यंत हात घालून चाचपू लागला. बांधाखालून खेकड्याचं बीळ आरपार गेलं होतं. बिळात मूठ तशीच दाबून धरून त्यानं चिखल मागितला, आणि ओहोटीचं पाणी उघाडीच्या खाली जाईपर्यंत हात काढला नाही. रात्रीच्या आणि दुसऱ्या दिवशीच्या भरतीला सगळं पुन्हा.

तो कोपरा करपला. बाकी आतलं भात पिकलं.

ऑक्टोबरात आगेऱ्याला मला बोलावणं आलं. क्रुसापुढं कणसं ठेवली, पाद्र्यांची प्रार्थना झाली, आणि इग्नेशियस नावं वाचायला उभा राहिला. कागद नव्हता, त्याला पाठ होती. बांधावरच्या क्रमानं तो बोलत गेला आणि मध्ये मध्ये क्षणभर थांबत गेला, जीभ जुन्या वाटेनं जाऊ नये म्हणून. बारा नावं झाली. तो खाली बसला.

ॲम्ब्रोज आला होता. बायको, मुलगी, इस्त्रीची पँट. नारळी पौर्णिमेला पाळी बदलून मिळाली नाही, असं तो मला सांगत होता, आणि ते खरं असावं. मुलगा लबाड नव्हता. मग हळूच म्हणाला, "टीचर, बाबानं माझं नाव नाय घेतलं."

मी म्हटलं, मीही नव्हतं घेतलं. तू विक्रोळीत मोजलेला आहेस.

जेवायला ओट्यावर पंगत बसली. नव्या तांबड्या तांदळाचा भात, त्याची वाफ, मासळीचं कालवण. अँजेलिनानं सवयीनं आधी नवऱ्याच्या ताटाकडे डाव नेला. इग्नेशियसनं ताटावर हात आडवा धरला.

"पावण्याला आदी वाड," तो म्हणाला, आणि मुलाकडे बोट केलं.

मग तिनं ॲम्ब्रोजला वाढलं, भरपूर वाढलं, आणि त्यानं मान वर न करता ते सगळं खाल्लं. इग्नेशियस आपलं ताट तसंच सोडून उठला. त्या दिवशी त्रयोदशी होती, दहा वाजून गेले होते. तो उघाडीकडे भरती बघायला निघाला. दारातून माझ्या ताटाकडे बघून म्हणाला, चाखून सांगा टीचर, नीट.